मेथी, रद्दी आणि जुन्या वळणाची टोपली

(आपल्या रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणं उरकली असतील. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मी माण तालुक्यातली. आमच्या गटात आम्ही अकराजणी आहोत. आज सांगणार आहे कागदाच्या लगद्याच्या टोपलीबद्दल. रद्दी, मेथ्या आणि चिंचोके एवढ्यावर ती होते. तिला जुन्या पितळेचं किंवा जुन्या लाकडाचं रूप कसं द्यायचं, तेही सांगते. आणि शेवटी तिचा हिशोब सांगते, कारण आम्ही फसलो ते टोपली करताना नाही, हिशोब करताना.

सुरुवात आमच्या घरातल्या टोपलीपासून करते. ती सासूबाईंची. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्यानं नांदायला आल्या होत्या. दिवसा खडी फोडायच्या कामावर जायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात घरचं बघायचं. बुरडाकडून टोपली घ्यायला पैसे नव्हते. मग दिराच्या शाळेच्या जुन्या वह्या भिजवल्या, उखळात कुटल्या, त्यात मूठभर मेथ्या वाटून घातल्या आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली केली. वरून वहीचीच पानं चिकटवली. आज पन्नास वर्षं होऊन गेली. टोपलीचा रंग मधासारखा झाला आहे, आणि आत वाकून बघितलं तर बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेला सतराचा पाढा अजून वाचता येतो.

ही टोपली आमच्या माळ्यावर पडली होती. वर प्लॅस्टिकच्या बादल्या. मागे एकदा पुण्याहून भाची आली, तिनं ती खाली काढली, पुसली आणि म्हणाली, "मामी, असल्या वस्तूला शहरात लोक व्हिंटेज म्हणतात आणि दिवाणखान्यात मांडतात." आम्ही हसलो. पण त्याच आठवड्यात मी आमच्या घरातून काय काय गेलं ते आठवत बसले. तांब्याचा हंडा किलोवर गेला. पितळेचा डबा किलोवर गेला. शिसवी पाटाचं तर सरपण झालं. त्या बदल्यात घरात आलं ते सगळं दोन वर्षांत चिरणारं. गेलेलं परत येत नाही. पण त्या वळणाची वस्तू हातानं करता येते, आणि ती करायची रीत आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. त्या आहेत तोवर विचारून घ्या.

आता कृती सांगते. कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर शेजारणीला ऐकायला बसवा.

मध्यम टोपलीला अर्धा किलो कागद लागतो. वर्तमानपत्र चालतं, जुन्या वह्या चालतात, अंड्यांचे कागदी ट्रे तर सगळ्यात चांगले, कारण ते मुळात लगद्याचेच असतात. मासिकाचा गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नका, तो लवकर विरघळत नाही. वहीच्या पिना आधी काढा, नाहीतर कुटताना हातात घुसतात. कागद कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडलेल्या कडेला धागे मोकळे होतात आणि तेच पुढे एकमेकांत गुंततात. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. घाई असेल तर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवा.

मग उखळात कुटा किंवा पाट्यावर वाटा. मिक्सर वापरायचा तर त्यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा. छापील कागदाला शाई असते, ते भांडं पुन्हा चटणीला घ्यायचं नाही. लगदा फडक्यात घालून पिळा. थालीपिठाच्या पिठाइतका ओला राहिला पाहिजे.

आता मेथी. अर्ध्या किलो कागदाला पन्नास ग्रॅम मेथ्या रात्री भिजत घाला आणि सकाळी गंधासारख्या बारीक वाटा. मेथीचं काम दुहेरी आहे. ती चिकट असते म्हणून लगदा धरून ठेवते, आणि कडू असते म्हणून किडा-मुंगी सहसा तोंड लावत नाही. सासूबाई याला "कडू गिलावा" म्हणतात.

तिसरी वस्तू चिंचोक्याची खळ. चिंच फोडली की चिंचोके आपण उकिरड्यावर टाकतो. ते भाजा, कुटून वरचं काळं टरफल काढा, आतला पांढरा गर रात्रभर भिजवून वाटा. एक वाटी वाटणाला पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. लापशीइतकं घट्ट झालं की उतरवा. ही खळ साधी समजू नका. सावंतवाडीला गंजिफा नावाचे गोल, रंगीत पत्ते हातानं करतात. त्यांचं कापड याच चिंचोक्याच्या खळीनं ताठ करतात. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. काहीजणी ती टिकावी म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, रोज ताजी खळ करा.

लगदा, मेथी आणि वाटीभर खळ एकत्र मळा. पातेलं किंवा घमेलं पालथं घाला, त्यावर ओलं, पातळ सुती फडकं पसरा आणि थालीपीठ थापतो तसा लगदा थापत या. जाडी अर्धं पेर, सगळीकडे सारखी. काठाशी पातळ झालं की तिथंच तडा जातो, म्हणून काठ दोन बोटं जास्त थापा.

आता सगळ्याजणी चुकतात ती गोष्ट. थापल्या थापल्या उन्हात ठेवू नका. वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि टोपली उलते. पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन दाखवा. कडा सुटायला लागल्या की पातेल्यावरून उतरवा आणि आतली बाजू वाळवा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात चार दिवस लागतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका, बुरशी येते. होळी झाली की सुरुवात करायची आणि मृगाच्या आधी आवरायचं, असा आमचा नेम आहे. शेतातली कामंही तेव्हा कमी असतात.

वाळलेल्या टोपलीला बारीक तडे असतील तर लगद्यात खळ घालून बोटानं भरा. मग पांढऱ्या कागदाच्या हातानं फाडलेल्या पट्ट्या आतून-बाहेरून दोन थर चिकटवा. यानं टोपलीला ताकद येते. वाळल्यावर पॉलिश पेपरनं हलकं घासा.

इथपर्यंत झाली ती आपली घरची टोपली. आता तिला जुनं रूप द्यायचं.

पितळेचं रूप हवं असेल तर आधी उठावाची नक्षी करा. फेविकॉलनं सुतळी चिकटवून वेल, कोयरी, चाफ्याची पाकळी काढा. डाळ-तांदूळ चिकटवायचा मोह होतो, पण त्याला कीड लागते, सुतळीच बरी. वाळल्यावर सगळ्या टोपलीला काळा किंवा गडद तपकिरी रंग द्या. तो पूर्ण वाळू द्या. मग चिंधीच्या टोकाला सोनेरी रंग घ्या, आधी रद्दीवर पुसून चिंधी जवळजवळ कोरडी करा आणि फक्त उंच भागावरून हलकी फिरवा. खोबणीत काळं राहतं, वर सोनेरी चमक येते. जुनी समई घासल्यावर अशीच दिसते. खोबणीतलं काळं निघत नाही आणि जिथं हात लागतो ते उजळतं.

जुन्या रंगीत लाकडाचं रूप हवं तर रीत वेगळी. खळीत गेरू कालवून पहिला हात द्या. वाळल्यावर काठावर, बुडाशी आणि कडीच्या जागी मेणबत्ती घासा. मग वरून फिका रंग द्या. मळका पांढरा, नाहीतर जुन्या दारांना असायचा तसला हिरवा. तो वाळला की पॉलिश पेपर फिरवा. जिथं मेण आहे तिथं वरचा रंग धरत नाही, तो सुटतो आणि खालचा गेरू दिसतो. पण मेण कुठं लावायचं याला डोकं लागतं. खरी वस्तू कुठं झिजते ते बघा. उंबऱ्यावर पाय पडतो तिथं झिजते, दाराची कडी धरतो तिथं झिजते. सगळीकडे सारखं खरवडलं तर ते जुनं दिसत नाही, खरूज झाल्यासारखं दिसतं.

आतल्या बाजूला जुन्या लुगड्याचा काठ किंवा खणाचा तुकडा खळीनं लावा. इरकली काठ फार खुलतो. लुगडं विरलं तरी काठ मजबूत राहतो, तो फेकू नका. सगळ्यात शेवटी पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या, मोकळ्या हवेत बसून.

अशा टोपलीत बांगड्या, किल्ल्या, दोऱ्याची रिळं, पत्रं ठेवा. रंग-वॉर्निश लावलेल्या टोपलीत खायचं काही ठेवू नका. पाणी लागू देऊ नका. आणि याच लगद्याची पणती किंवा दिव्याची कोनाडी करू नका. रंग कितीही पितळेचा असला तरी आत कागद आहे, पेट घेईल.

कुणी म्हणेल, कागदाच्या लगद्यात काय एवढं? काश्मीरमध्ये याच लगद्यावर कित्येक घरांची पोटं पिढ्यान् पिढ्या भरत आली आहेत. तिथं कामाचे दोन भाग आहेत. लगद्यापासून वस्तू घडवायची त्याला सख्तसाझी म्हणतात आणि तिच्यावर रंगकाम करायचं त्याला नक्काशी. हात वेगळे, मजुरी वेगळी. हे ऐकून आम्हीही कामं वाटली. ज्यांच्या हाताला जोर आहे त्या कुटतात, थापतात. ज्यांची नजर बारीक आहे त्या रंगवतात. आमच्यातल्या एकीला गुडघेदुखीमुळे रोजगाराला जाता येत नाही, ती आज गटातली सगळ्यात चांगली रंगवणारी आहे.

आता हिशोबाकडे येते.

पहिल्या वर्षी आम्ही टोपली ₹९० ला विकली. सामानाचे ₹४८ होत होते, म्हणजे ₹४२ सुटले असं वाटून आम्ही खूश. शहरातल्या एका दुकानदारानं वीस टोपल्या घेतल्या. पुढं भाची त्या दुकानात सहज गेली. आमची टोपली काचेच्या कपाटात होती, किंमत ₹६५०. आणि तो माणूस गिऱ्हाइकाला सांगत होता, "ऐंशी वर्षांपूर्वीची आहे, एका वाड्यातून आली."

भाचीचा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी राग किमतीचा आला. मग दुसऱ्या गोष्टीचा.

किमतीचं आधी सांगते. दुसऱ्या दिवशी गटात बसून पहिल्यांदा तास मोजले. कागद फाडणं, कुटणं, मळणं एक तास. थापायला अर्धा तास. पट्ट्या चिकटवायला एक तास. घासायला अर्धा तास. नक्षी आणि रंगाला दीड तास. एकूण साडेचार तास. ₹४२ भागिले साडेचार, म्हणजे तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा नाहीत. आमच्याकडे तेव्हा खुरपणीला ₹३०० रोज होता. जेवणाची सुट्टी सोडून सहा तास काम, म्हणजे तासाला ₹५०. उन्हात वाकून ₹५० आणि घरात बसून कसबाचं काम केलं तर साडेनऊ? आम्ही सावलीत बसतो म्हणून आमचा वेळ फुकट धरला होता. आणि तो दुकानदारानं धरला नव्हता, आम्हीच धरला होता.

नवा हिशोब असा मांडला. लिहून घ्या. रद्दी ₹८, मेथी ₹६, सुतळी ₹३, पॉलिश पेपर ₹५, रंग ₹१८, वॉर्निश ₹८. सामान एकूण ₹४८. साडेचार तासांची मजुरी ₹२२५. झाले ₹२७३. दहात एखादी टोपली उलतेच, तिची भर म्हणून ₹२७. झाले ₹३००. त्यावर गटाच्या खात्यात ₹५०. विक्रीची किंमत ₹३५०. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, पण ओळी याच ठेवा. मजुरीची ओळ कधी खोडू नका.

आता दुसरी गोष्ट. त्या दुकानदाराचा पुन्हा निरोप आला. चाळीस टोपल्या हव्यात, ₹३५० द्यायलाही तयार. अट एकच, बुडाशी गटाचं नाव, साल काही लिहायचं नाही. मे महिना होता. पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे उभे करायचे होते. चाळीस गुणिले ३५० म्हणजे ₹१४,०००. गटात दोन तट पडले. एक जाऊबाई म्हणाल्या, "तो काय सांगतो ते त्याच्या तोंडी. आपण कुठं खोटं बोलतोय?" त्यांचं अगदीच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या घरी खरंच नड होती.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी टोपली जुनी झाली ती वापरून वापरून. तुमची तुम्ही चार दिवसांत जुनी केली, हे तुमचं कसब आहे. ते लपवून ठेवलं तर तुमच्या हाताचं नाव कोण घेणार?"

आम्ही त्या दुकानदाराला कळवलं, टोपली मिळेल, पण बुडाशी करणारीचं नाव, गाव आणि साल लिहिलेलं असेल. त्यानं मागणी रद्द केली. त्या वर्षी अठरा टोपल्या आमच्या घरात पडून राहिल्या. दोघीजणी गट सोडतो म्हणाल्या. एक गेली, एक राहिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल खरं बोललं की लगेच लक्ष्मी दारात उभी राहते. तसं होत नाही.

मग हळूहळू वाट निघाली. वैशाखातल्या लग्नांत रुखवत मांडतात, तिथं पहिल्या सहा गेल्या. नवरीच्या आईनं बुडाशी नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख लिहून मागितली. जत्रेत, तालुक्याच्या प्रदर्शनात गेल्या. आम्ही पाटीवर लिहितो, "जुन्या वळणाची, हातानं केलेली, यंदाची." लोक वाचतात, हसतात आणि उचलून बघतात. आज हंगामात महिन्याला पंधरा टोपल्या जातात. पंधराच. पण तासाचे ₹५० ज्याच्या त्याच्या हातात पडतात.

एक कायद्याची गोष्टही लक्षात ठेवा. आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तूंबद्दलचा कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, भांडं, कोरीव वस्तू ही पुरावस्तू धरली जाते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून "अँटिक" हा शब्द तोंडाला आला म्हणून पाटीवर लिहू नका. "जुन्या वळणाची" म्हणा. तेवढंच खरं आहे आणि तेवढं पुरतं. आणि घरात खरोखर जुनं काही असेल, आजेसासूचा डबा, देव्हाऱ्यातली घंटा, तर भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी चारचौघींना दाखवा.

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात गटाच्या बैठकीत एकच टोपली करायला घ्या. विकायला नाही, घरात ठेवायला. करताना वहीत वेळ लिहा, बसले किती वाजता, उठले किती वाजता. स्वयंपाकाला उठलात ते वजा करा. टोपली नीट झाली नाही तरी चालेल, पण तासांचा आकडा खरा आला पाहिजे. तो आकडा हातात आला की किंमत सांगताना जीभ अडखळत नाही.

आणि टोपली झाली की बुडाशी स्वतःचं नाव घाला. पेन्सिलीनंच लिहा, खळीवर शाई पसरते. पेन्सिल पन्नास वर्षं टिकते. आमच्या घरच्या टोपलीतला सतराचा पाढा तसाच टिकला आहे. नाव मात्र त्या टोपलीवर कुणाचंच नव्हतं. परवा मी सासूबाईंच्या हातात पेन्सिल दिली. सही करायला त्या साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या. चष्मा लावून, टोपली मांडीवर पालथी घेऊन त्यांनी सावकाश नाव लिहिलं, आणि शेजारी साल घातलं, १९७२.

येते बायांनो. पुढच्या वेळी तुमच्या टोपलीबद्दल ऐकायला मला आवडेल. नमस्कार.